तापलेल्या लोखंडाला धूर नसतो

(बेळगावात झालेल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार.

संयोजक घरी आले तेव्हा त्यांनी विषय सांगितला: 'तत्त्वज्ञानाची पदवी श्रेष्ठ की विज्ञानाची?' मी म्हटलं, 'श्रेष्ठ' तेवढं काढा. श्रेष्ठ-कनिष्ठाची भांडणं आपल्याकडं गल्लीतल्या गणपतीच्या उंचीवरून होतात तेवढी पुरेत. 'उपयोगाची' म्हणा, म्हणजे हिशेब मांडता येईल. त्या हिशेबाला मी बसू शकतो, कारण दोन्ही पदव्या माझ्या कपाटात आहेत. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये लागलो, आणि तिथं दहा-बारा वर्षं काढल्यावर बाहेरून परीक्षा देऊन तत्त्वज्ञानात एमए केलं.

एमएचा निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन गावी गेलो. गाव खानापूर तालुक्यातलं. वडील खळ्यावर होते. पेढा हातात घेतला आणि विचारलं, "पगार किती वाढणार?" म्हटलं, "काही नाही वाढणार." पेढा तोंडात टाकत म्हणाले, "मग पास कशाला झालास?"

हसलात, ठीक आहे. पण प्रश्न बरोबर होता. दीड एकर भातावर चार पोरं शिकवलेल्या माणसाला तो विचारायचा हक्क होता. असा प्रश्न आला की तत्त्वज्ञानवाले डोळे मिटून 'ज्ञानासाठी ज्ञान' म्हणायला लागतात. मी ते करणार नाही. आधी पगाराचंच बोलू.

आपल्या घरात 'सायन्स' म्हणतात तेव्हा मनात इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल असतं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आपल्या उशाशी आहे, त्यामुळं बीई म्हणजे बेळगावात दुधाच्या रतिबासारखी गोष्ट झाली आहे, प्रत्येक घरी एक. पण बीई काय किंवा एमबीबीएस काय, ते एका धंद्याचे परवाने आहेत. विज्ञानाची पदवी म्हणजे बीएस्सी. आता प्राणिशास्त्रात बीएस्सी झालेली मुलगी पुढं काय करते? बीएड करते. नाहीतर एमएस्सी करते आणि मग बीएड करते. केमिस्ट्रीवाल्याला साखर कारखान्याची लॅब असते, किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपन्या असतात. फिजिक्सवाला बँकेच्या परीक्षेला बसतो. तत्त्वज्ञानातला बीए या लोकांच्या शेजारी उभा करून बघा, बीईच्या शेजारी नको. मग अंतर बरंच कमी होतं.

कमी होतं, मिटत नाही. 'केमिस्ट पाहिजे' अशी पाटी निदान एखाद्या फाटकावर असते. 'तत्त्वज्ञ पाहिजे' अशी पाटी मी उद्यमबागेत, मच्छेत, होनग्यात, कुठंच पाहिली नाही.

तत्त्वज्ञानवाल्याला दारं तीनच. एक शिक्षकीचं. एमए, मग नेट किंवा के-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, मग वाट बघणं. वाट बघण्याला वयोमर्यादा नसते, नोकरीला असते. दुसरं दार वकिलीचं: बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी. हे दार मला सगळ्यांत चांगलं वाटतं, कारण वकिलाचं निम्मं काम म्हणजे समोरच्याच्या बोलण्यात 'म्हणून' कुठं आलं आणि त्या 'म्हणून'ला आधार आहे का हे बघणं. तिसरं दार स्पर्धा परीक्षांचं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो, अडीचशे-अडीचशेचे दोन पेपर. अभ्यासक्रम आटोपशीर आहे म्हणून इंजिनिअर झालेली मुलंसुद्धा तो घेतात. शिवाय २०१३ पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा आहे, तोही २५० गुणांचा, आणि तो सगळ्यांनाच द्यावा लागतो. आयआयटीत शिकलेला मुलगासुद्धा 'तुमच्या वरिष्ठानं असं सांगितलं तर तुम्ही काय कराल' याचं उत्तर लिहीत बसतो. ज्यांनी पदवीला तत्त्वज्ञानाला नाकं मुरडली, त्यांना क्लास लावून तेच शिकावं लागतं.

आता एक दाखला तत्त्वज्ञानवाले फार आवडीनं देतात. अमेरिकेत पुढच्या शिक्षणासाठी जीआरई नावाची परीक्षा असते. तिच्यात भाषा आणि लेखी युक्तिवाद या दोन भागांत तत्त्वज्ञानाला जाऊ बघणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी गुण वर्षानुवर्षं अगदी वरच्या टोकाला असतात. खरं आहे ते. पण 'म्हणून तत्त्वज्ञान शिकल्यानं बुद्धी तल्लख होते' असं त्यातून निघत नाही. कदाचित ज्यांना वाद घालायची मुळातच खाज आहे तीच मुलं तिकडं जात असतील. तालमीत सगळे पैलवान दिसतात म्हणून तालमीच्या मातीनंच ते पैलवान झाले असं नाही. तत्त्वज्ञानाच्या बाजूचा पुरावाच तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत नापास होतो. गंमत आहे, पण तसं आहे.

एवढा झाला पगाराचा हिशेब. विज्ञान थोडं पुढं. आता मी फाउंड्रीत येतो, कारण खरं जे सांगायचं आहे ते तिथं घडलं.

आमच्याकडं ओतीव लोखंडाचे भाग तयार व्हायचे. ज्यांनी फाउंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळूत बेंटोनाइटची माती आणि पाणी घालून ती मिक्सरमध्ये मळतात, तिचा साचा करतात, साच्यात पातळ लोखंड ओततात. भाग थंड झाला की साचा फोडायचा आणि तीच वाळू परत फिरवायची. वाळूत पाणी जास्त झालं की वाफ होते, ती वाफ लोखंडात अडकते आणि भाग निघतो तो आत पोकळ फोड घेऊन. याला ब्लोहोल म्हणतात. वरून कळत नाही, मशीनवर चढवून कापला की भोक दिसतं. मग तो भाग रिजेक्ट.

एका वर्षी मोठी ऑर्डर आली. तिसरी पाळी सुरू केली. रात्रपाळीला माणसं कमी पडली म्हणून गडहिंग्लजकडचा एक पोरगा साचे करायला घेतला. वीस-एकवीस वर्षांचा, हात जरा सावकाश, पण कामसू. आणि त्याच महिन्यापासून रात्रीच्या मालात ब्लोहोल यायला लागले. दिवसाच्या मालात नाहीत, रात्रीच्याच. सगळ्यांची बोटं पोराकडं वळली. मी लॅबमध्ये. माझं काम दर तासाला मिक्सरपाशी वाळूचा नमुना घेऊन ओलावा मोजणं. साडेतीन टक्क्यांच्या आसपास पाहिजे, तेवढाच येत होता. मी रजिस्टर पुढं केलं: वाळू ठीक आहे. वाळू ठीक, लोखंड ठीक, मग उरलं कोण? ऑर्डर संपली, तिसरी पाळी बंद झाली, पोराला काढलं, आणि ब्लोहोल थांबले. आमचा सुपरवायझर म्हणाला, "बघ, आजार गेला की नाही?" मीसुद्धा मान हलवली. ती मान हलवलेली मला अजून आठवते.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मी एमएच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास करत होतो, दुसऱ्या पाळीत रात्री, भट्टीच्या उजेडात नव्हे, लॅबच्या ट्यूबलाइटखाली. विषय न्यायदर्शन, म्हणजे अनुमान कसं करावं हे शिकवणारं आपलं जुनं तर्कशास्त्र. आता न्यायदर्शनाचं ते उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. बरोबर अनुमान. पण त्याच्या पुढं नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, विचारतात, हे उलटं चालेल का? अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे? नाही चालत. आणि का चालत नाही याचं त्यांचं ठरलेलं उदाहरण आहे अयोगोलक, म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही.

मी पुस्तकातून मान वर केली. काचेपलीकडं इंडक्शन फर्नेसमध्ये चौदाशे अंशांचं लोखंड रटरटत होतं. धूर नव्हता. इतकी वर्षं रोज पाहत होतो, आणि शेकडो वर्षांपूर्वी कुणा पंडितानं ते उदाहरण म्हणून लिहून ठेवलं होतं.

धूर कधी येतो? लाकूड ओलं असेल तेव्हा. म्हणजे 'अग्नी आहे तिथं धूर' असं आपल्याला जे वाटतं, त्याच्या पाठीमागं एक न सांगितलेली अट लपलेली असते: ओलं जळण. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. परिणाम दिसतो तिथं तिथं ती असते. पण ज्याला आपण कारण समजतो त्याच्याबरोबर ती दर वेळी असतेच असं नाही. उपाधी सापडली की अनुमान कोसळलं.

हे वाचताना मला पोरगा आठवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. परीक्षेत उपाधीवर टीप लिहिली, गुणही मिळाले. पोरगा आठवला तो पुढच्या उन्हाळ्यात, परत मोठी ऑर्डर आली तेव्हा. परत तिसरी पाळी, आणि परत ब्लोहोल. पोरगा तर कधीचा गेलेला. तेव्हा डोक्यात दिवा लागला. ऑर्डर आली म्हणून तिसरी पाळी आली. तिसरी पाळी आली म्हणून पोरगा आला. आणि तिसरी पाळी आली म्हणून आणखी एक गोष्ट झाली होती, जिच्याकडं आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. पोरगा आणि ब्लोहोल ही एकाच आईची दोन लेकरं होती, आणि आम्ही एकाला दुसऱ्याचा बाप ठरवलं होतं.

ती गोष्ट काय? दोन पाळ्यांत वाळूला रात्रभर थंड व्हायला वेळ मिळायचा. तीन पाळ्यांत दिवसभर तापलेली तीच वाळू रात्री गरमागरम परत फिरत होती. मिक्सरपाशी ओलावा साडेतीन टक्के. पण गरम वाळू साच्यापर्यंत जाईतो सुकायची, साचा ढासळायचा, म्हणून माणसं वरून पाणी मारायची. शिवाय गरम वाळूतली वाफ थंड कोअरवर, म्हणजे भागात पोकळी ठेवायला साच्यात बसवतात त्या गाभ्यावर, जाऊन दवासारखी बसायची. मी मोजलेला आकडा खरा होता, मिक्सरपाशी. वाळूचं तापमान मोजायचं माझ्या रजिस्टरात रकानाच नव्हता. थर्मामीटर घेऊन गेलो आणि चार दिवसांत प्रकरण मिटलं. वाळू थंड करायची सोय केली, ब्लोहोल आटोक्यात आले.

पोराचा पत्ता काढायचा प्रयत्न केला. लागला नाही.

आता इथं बसलेले इंजिनिअर म्हणतील, यात तत्त्वज्ञान कसलं? हे तर साधं संख्याशास्त्र आहे, प्रयोगाची आखणी नीट केली असती तर कुणालाही सापडलं असतं. मान्य आहे, अगदी मान्य. विज्ञानाच्या शिक्षकांनीच हे शिकवायला हवं होतं. पण तीन वर्षांच्या बीएस्सीत माझ्याकडून किती टायट्रेशनं करून घेतली याचा हिशेब नाही, आणि 'हे तुला कशावरून कळलं?' असं एकदाही कुणी विचारलं नाही. उत्तर मागच्या पानावर होतं. माझं उत्तर त्याच्याशी जुळलं की झालं.

आणि तत्त्वज्ञानवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. माझं एमए कसं झालं ते सांगू? गाइडवर. 'प्लेटोच्या आदर्श राज्याची वैशिष्ट्ये लिहा', पाच मुद्दे. 'हेत्वाभासांचे', म्हणजे फसव्या कारणांचे, 'प्रकार सांगा', पाच नावं: सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित. अजून घडाघडा म्हणून दाखवतो. म्हणजे जे शास्त्र 'पाठ करू नका, विचारा' असं सांगतं, तेच आम्ही पाठ केलं. माझ्या पदवीनं मला काही शिकवलं असं छातीठोक म्हणता येणार नाही. अयोगोलकाची एक ओळ आणि भट्टीची काच समोरासमोर आली, एवढंच झालं. फाउंड्रीत नसतो तर ती ओळही वाचून पुढं गेलो असतो.

म्हणून 'विज्ञान की तत्त्वज्ञान' हे भांडण मला सावत्र भावांच्या वाटणीसारखं वाटतं. घर तर एकच होतं. न्यूटननं १६८७ साली जो ग्रंथ छापला त्याच्या नावात 'निसर्गविषयक तत्त्वज्ञान' असंच आहे. शास्त्रज्ञ या अर्थाचा आजचा इंग्रजी शब्द १८३०च्या दशकात ह्यूएल नावाच्या गृहस्थांनी घडवला; त्याच्या आधी शास्त्रज्ञांनाही तत्त्वज्ञच म्हणत. अजूनही रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेटला आपण पीएचडीच म्हणतो, आणि त्यातलं 'पीएच' म्हणजे फिलॉसॉफी. पण नावांचं राहू दे. कामाचं एक सांगतो.

तुमच्या खिशात जो मोबाइल आहे त्याच्या तळाशी तर्कशास्त्र आहे. जॉर्ज बूल नावाच्या गणितज्ञानं १८५४ साली 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांचं बीजगणित मांडलं. त्या काळी कुणाच्याही पोटापाण्याशी त्याचा संबंध नव्हता. १९३७ साली क्लॉड शॅनन नावाच्या पोरानं एमआयटीत प्रबंध लिहिला की हेच बीजगणित विजेच्या स्विचांना लावता येतं. हे बूलचं तर्कशास्त्र शॅननला भेटलं कुठं? मिशिगनला बीएस करताना तत्त्वज्ञानाचा एक विषय घेतला होता, तिथं. मधे गेली ८३ वर्षं. आता सांगा, बूलच्या शेजारच्यानं १८६० साली विचारलं असतं 'याचा उपयोग काय हो?', तर त्याला काय सांगायचं? थांबा, अजून पंच्याहत्तर-ऐंशी वर्षं? माझ्या वडिलांना तेवढा दम नसता निघाला, आणि निघू नये. म्हणून हा दाखला मी पदवीच्या बाजूनं वापरत नाही. एका घराला त्यातून काही मिळत नाही, मिळतं ते समाजाला, आणि तेही फार उशिरा.

घराला काय मिळतं ते आपल्याच गावात बघू. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं इथं सायकलींचं दुकान होतं. पुढं त्यांनी लोखंडी नांगर केला, १९०३ च्या सुमाराला. नांगर चांगला होता, लाकडी नांगरापेक्षा खोल जाणारा. आणि खपत नव्हता. का? लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. लोखंड ओतायचं शास्त्र लक्ष्मणरावांना येत होतं. पण ग्राहक जो प्रश्न विचारत होता त्याचं उत्तर ओतकामात नव्हतं. 'जमीन नासणं' म्हणजे नेमकं काय? किती हंगाम पिकलं तर ती नासली नाही म्हणायचं? कुणाच्या शेतात दाखवायचं म्हणजे पटेल? शेतकरी अडाणी होता असं मला वाटत नाही. त्याच्याकडं जमीन एकच होती, ती पणाला लावून प्रयोग करायची ऐपत नव्हती. त्याची शंका धरूनच पुढं जावं लागलं, आणि पहिले नांगर खपायला बराच काळ गेला. पुढं १९१० साली त्यांना इथली जागा सोडावी लागली, किर्लोस्करवाडी वसली, आणि आपल्याकडं रस्त्याचं नाव राहिलं. ते दुःख वेगळं.

उसाचं घ्या. या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, आणि माझ्या वर्गातले निम्मे बीएस्सीवाले त्यांच्या लॅबांत लागले. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) काढायचा, पोल (त्यातली साखर) काढायचं, त्यावरून उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते ते. हे रसायनशास्त्र आहे आणि पक्कं आहे. त्या उताऱ्यावर उसाचा दर ठरतो. २००९ पर्यंत त्या दराचं नाव होतं 'वैधानिक किमान दर', नंतर झालं 'रास्त व किफायतशीर दर', आपण ज्याला एफआरपी म्हणतो. अलीकडं त्याला पायाभूत उतारा धरतात सव्वादहा टक्के. सव्वादहा कसा मोजायचा ते केमिस्टला माहीत आहे. 'रास्त' कसं मोजायचं? ब्रिक्स काढायचं यंत्र लॅबमध्ये आहे, रास्त काढायचं नाही.

'उत्पादन खर्चावर नफा द्या' म्हणावं, तर खर्च म्हणजे कोणता? कृषी मूल्य आयोगाच्या कागदांत तीन-तीन खर्च असतात. एक ए-टू, म्हणजे रोख खिशातून गेलेला. दुसऱ्यात घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत मिळवतात. तिसरा सी-टू, त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याजही धरतात. तुमची आई भल्या पहाटे उठून उसात पाणी पाजायला गेली, ती मजुरी खर्चात धरायची की नाही? धरली तर कुणाच्या दरानं? हा प्रश्न बेरजेचा नाही. बेरीज त्याच्यानंतर सुरू होते. मोर्चात घोषणा देणाऱ्या पोरांना हे तीन खर्च वेगळे करून सांगता आले, तर समोरच्या अधिकाऱ्याला तास-दीड तास घाम फोडता येतो. मी हे पाहिलं आहे. तो पोरगा इतिहासातला एमए होता, म्हणजे तत्त्वज्ञानवालाच पाहिजे असंही नाही.

आणि आता जे बेळगावात बोलताना टाळता येत नाही ते. मी सीमाप्रश्नावर भाषण करायला उभा नाही, ते करणारे समर्थ आहेत. फक्त त्या प्रश्नाची जात बघा. बेळगाव आणि आसपासचा मराठी मुलूख महाराष्ट्रात असावा की कर्नाटकात, हा १९५६ पासूनचा वाद. मोजणी खात्याचा माणूस सीमा आज कुठं आहे ते इंचावर सांगेल. ती कुठं असावी हे त्याच्या यंत्रात दिसणार नाही. आपली बाजू पहिल्यापासून चार तत्त्वं सांगते: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात निवाडा देणाऱ्या पाटसकरांनी खेडं हाच घटक धरला होता. आता खेड्याऐवजी तालुका घटक धरा, किंवा जिल्हा धरा. जनगणनेचं पुस्तक तेच, आकडे तेच, नकाशा मात्र वेगळा निघतो. या वादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा २००४ पासूनचा. इतक्या वर्षांत आकड्यांपेक्षा 'घटक कोणता आणि का' यावरच जास्त शाई गेली. घटक कोणता हे कोणतीही जनगणना सांगत नाही. ते आधी ठरवावं लागतं, आणि का ते ठरवलं याची कारणं द्यावी लागतात. कारणं देता येणारी माणसं आपल्याकडं किती आहेत? घोषणा देणारी पुष्कळ आहेत. मी पण दिल्या आहेत.

खरं तर या कामाला आपली मुलं जन्मापासून तयार असतात. मराठी माध्यमातला मुलगा एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, 'वस्तुमान' आणि 'वजन' शिकतो. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की एका रात्रीत सगळं इंग्रजी. पहिले चार महिने वर्गात तो मुका असतो, मी होतो. बाजारात तोच मुलगा कन्नडमधून भाव करतो. तीन भाषांतून एकच गोष्ट उचलायची सवय लागलेल्या मुलाला एक कळलेलं असतं: शब्द वेगळा आणि वस्तू वेगळी. 'वजन करून द्या' म्हणतो तेव्हा वाणी वस्तुमान देतो, हे त्याच्या ध्यानात येतं. तत्त्वज्ञानाचे वर्ग यावर वर्षभर घालवतात. आपण मात्र त्या चार महिन्यांना 'मराठी माध्यमाचा तोटा' म्हणतो. तोटा आहेच, मार्कं जातात. पण जे हाती येतं ते कुणी मोजत नाही.

गुरुदेव रानडे याच पट्ट्यातले. जमखंडीत १८८६ साली जन्म, घर मराठी, मुलूख कन्नड. उपनिषदांवर इंग्रजीत लिहिलं, मराठी संतांवर लिहिलं, कन्नड संतांवर लिहिलं, अलाहाबाद विद्यापीठात शिकवलं आणि तिथं कुलगुरू झाले. हिंदवाडीत त्यांच्या नावाचं मंदिर आहे, तिथं तौलनिक तत्त्वज्ञान आणि धर्म यांची अकादमी आहे. आपल्यातले किती जण आत गेलेत? हात वर करा. ...बारा, तेरा. बाकीचे समोरून गेलेले आहेत. मीही चाळिशीपर्यंत समोरूनच जात होतो.

वेळ संपत आली, म्हणून माझं मत सांगतो आणि प्रश्न घेतो. घरी दोन वर्षांचं भात कणगीत असेल, पोरगं न सांगता रात्री वाचत बसत असेल, तर त्याला खुशाल तत्त्वज्ञान घेऊ द्या, आणि एलएलबीचा विचार पहिल्या दिवसापासून डोक्यात असू द्या. कणगी रिकामी असेल तर आधी पोटाची पदवी घ्या. पण मग बीएस्सीला किंवा बीईला जाणाऱ्या पोराला निदान तर्कशास्त्र कुणीतरी नीट शिकवा. इंजिनिअरिंगला व्यावसायिक नीतिशास्त्राचा एक छोटा पेपर असतो. मुलं तो आदल्या रात्री वाचतात आणि पास होतात. माझ्या बीएस्सीत तेवढंही नव्हतं. असतं तर गडहिंग्लजच्या त्या पोराची नोकरी वाचली असती का? वाचलीच असती असं म्हणत नाही. निदान मी मान हलवायला थोडा थांबलो असतो.

(प्रश्नोत्तरांतला काही भाग.)

एका गृहस्थांचा प्रश्न: तुम्ही तुमच्या मुलांना काय शिकवलंत?

पकडलंत. मुलगी आहे, मेकॅनिकल झाली, पुण्याला असते. बारावीच्या सुट्टीत मी तिला 'तर्कसंग्रह', म्हणजे न्यायदर्शनाची बाराखडी, शिकवायला घेतला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, हे सगळं डोंगर आणि धूर आणि स्वयंपाकघर, यात एखादी नवीन वस्तू नाही का?" सोडला तिनं. मी आग्रह केला नाही. परवा फोनवर तिच्या कंपनीतल्या एका बिघाडाबद्दल बोलत होती, तेव्हा मध्येच म्हणाली, "आम्हाला ओलं लाकूड अजून सापडलं नाही." म्हणजे तीन दिवस अगदीच वाया गेले नाहीत.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न: सर, मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी). मेडिकल मिळणार नाही हे मला कळतंय. मला तत्त्वज्ञान आवडतं. घरी काय सांगू?

आवडतं म्हणजे काय वाचलंस बाळ? ...यूट्यूबवर ऐकतेस. बरं. मग अजून 'आवडतं' म्हणू नको, उत्सुकता आहे म्हण. परीक्षा झाली की तर्कशास्त्राचं एक पातळसं पुस्तक मिळव आणि त्यातली उदाहरणं वहीत सोडव. हो, सोडव, गणितासारखी. शंभर उदाहरणं झाल्यावर कंटाळा आला तर बीएस्सी कर आणि पुस्तक जवळ ठेव. नाही आला तर धारवाडला, पुण्याला विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे विभाग आहेत, तिथं एक चक्कर मार. शिकवणाऱ्यांना भेट, आणि त्यांची मुलं पुढं काय करतात ते विचार. लाजू नको विचारायला. तोपर्यंत दोन्हीकडचे फॉर्म भरून ठेव. आणि घरी बोलशील तेव्हा सुरुवात पगारापासून कर. वडील तेच विचारणार आहेत.